यादीतली खालची नावं

विधी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलमध्ये काम करते असं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. यंदा किती जणांना नोकरी लागली? आणि सगळ्यांत मोठं पॅकेज कितीचं? दोन्ही आकडे मला तोंडपाठ असतात आणि विचारणाऱ्याला मी ते सांगतेही. पण मोठं पॅकेज ज्याला मिळतं त्या मुलासाठी मी फारसं काही केलेलं नसतं. त्याचे मार्क चांगले असतात, इंग्रजी सफाईदार असतं, मूट कोर्टची, म्हणजे कॉलेजांतल्या सरावाच्या खटल्यांची, बक्षिसं असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप झालेली असते आणि बहुतेकदा तिथूनच ऑफर आलेली असते. आमच्याकडे तो सही-शिक्क्याचं पत्र न्यायला येतो, इतकंच. माझा दिवस जातो तो यादीतल्या खालच्या नावांवर.

प्लेसमेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इंजिनिअरिंग कॉलेजचं चित्र येतं. कंपनी येते, परीक्षा घेते, मुलाखती होतात, संध्याकाळी यादी लागते. कायद्याच्या शिक्षणातही हे थोडंफार आलं. १९८८ मध्ये बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये माधव मेनन यांच्या पुढाकाराने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. तीन वर्षांनी अर्थव्यवस्था खुली झाली. करार, विलीनीकरण, गुंतवणूक यांची कामं वाढली तसे लॉ फर्म आणि कंपन्यांचे कायदा विभाग कॅम्पसवर येऊ लागले. पण ते येतात मोजक्या कॉलेजांत, आणि तिथेही मोजक्या मुलांसाठी. बाकीची बरीच मुलं कोर्टाच्या वाटेने जातात. त्या वाटेवर एचआर नसतो, ऑफर लेटर नसतं, रुजू होण्याची तारीख नसते. एक सीनियर, त्यांचे एक-दोन ज्युनियर, एक कारकून आणि फायलींनी भरलेली खोली, असा तो सगळा कारभार. जागा रिकामी झाली की सीनियर बार रूममध्ये बसल्या बसल्या एखाद्या मित्राच्या कानावर घालतात, 'जरा एखादा हुशार पोरगा असला तर बघा.' बार कौन्सिल ही वकिलांची नियामक संस्था, तिच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामासाठी जाहिरात करता येत नाही. सगळा व्यवसायच असा नावावर आणि ओळखीवर चालतो म्हटल्यावर ज्युनियर हवा असल्याचीही जाहिरात सहसा कुठे झळकत नाही.

म्हणजे ज्याच्या घरात कुणी वकील आहे त्याला ही जागा कळते. ज्याच्या घरात नाही त्याला अशी जागा असते हेसुद्धा कळत नाही. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. मार्क कमी पडतात, इंग्रजी कच्चं असतं, हे सगळं नंतरचं.

ही अडचण आजची नाही. मोहनदास गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. फी परत करून ते बाहेर पडले. मग एका शाळेत इंग्रजी शिकवायला अर्ज केला, पगार महिना ७५ रुपये. पदवीधर नाहीत म्हणून तिथेही नकार मिळाला. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं दादा अब्दुल्लांचं काम मिळालं, वर्षाचे १०५ पौंड. ते कसं मिळालं? पोरबंदरच्या एका पेढीने त्यांच्या थोरल्या भावाला पत्र लिहिलं म्हणून. भावाची ओळख होती.

दुसरं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९२२ मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभे राहिले. त्यांच्या पदव्यांबद्दल मी काय लिहावं! पण बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे कोर्टात लढवायचं काम, मिळायचं ते सॉलिसिटरकडून, आणि जातीमुळे ती दारं त्यांना बंद होती. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. इतक्या विद्वान माणसालाही घर चालवण्यासाठी अर्धवेळ शिकवणी करावी लागली. त्या काळी या दोघांनाही वकील म्हणून फार कुणी ओळखत नव्हतं. एकाच्या पाठीशी थोरला भाऊ होता, दुसऱ्याच्या वाटेत अख्खा समाज आडवा उभा होता. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने ज्याला असा भाऊ नाही त्याचा थोरला भाऊ व्हायचं असतं, असं मला मनापासून वाटतं. जागा कुठे आहे ते कळवायचं, चार शब्द टाकायचे, आणि नंतर 'काय झालं?' म्हणून विचारायचं.

हे चार शब्द टाकता यावेत म्हणून आधी ते मूल नीट कळावं लागतं. सीव्हीवरून ते कळत नाही. मुलं इंटरनेटवरचा नमुना घेतात आणि त्यात आपलं नाव घालतात. पहिली ओळ 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे', शेवटची ओळ 'छंद: वाचन, प्रवास'. मध्ये सेमिनारची प्रमाणपत्रं. अशी एक मुलगी समोर बसली होती. शेवटचं वर्ष, मार्क बेताचे, मूट कोर्टमध्ये एकदाच भाग घेतलेला.

"सुट्टीत काय करत होतीस गं?"

"काही नाही मॅडम, घरीच होते."

"घरी म्हणजे? दिवसभर?"

मग हळूहळू निघालं. वडिलांचा जमिनीचा दावा चालू होता. वडिलांना कोर्टातलं काही समजत नव्हतं, म्हणून अकरावीपासून फाईल हिच्याकडे. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर दाव्याचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख ती बघायची. निकालपत्रांच्या, आदेशांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज ती लिहायची. नक्कल विभागात कुणाला भेटायचं, शिक्का कुठे मारून घ्यायचा, सगळं तिला ठाऊक. एकदा तर रोजनाम्यातली, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीतली, तारीख आणि वकिलांनी सांगितलेली तारीख यांत फरक असल्याचं हिच्याच लक्षात आलं होतं, नाहीतर वडिलांची गैरहजेरी लागली असती. इतकी वर्षं ही मुलगी एका चालू दाव्याचं कामकाज सांभाळत होती आणि सीव्हीवर छंद म्हणून 'प्रवास' लिहीत होती.

"हे का नाही लिहिलंस?"

"ते घरचं काम आहे ना मॅडम."

आम्ही ती पहिली ओळ खोडली आणि हे काम चार ओळींत लिहिलं. वडिलांचा दावा आहे हेही लपवलं नाही. एका दिवाणी वकिलांना ज्युनियर हवी होती, त्यांना मी फोन केला. मुलाखतीत त्यांनी तिला प्रमाणित प्रतीच्या अर्जात काय काय लिहावं लागतं ते विचारलं. पुस्तक वाचून आलेल्या मुलांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तिला आलं. पुढच्या सोमवारपासून या, असं ते म्हणाले. अशी मुलं दरवर्षी येतात. कुणी मामाच्या दुकानाचा भाडेकरार वाचलेला असतो, कुणी आजीच्या पेन्शनसाठी वर्षभर पत्रव्यवहार केलेला असतो, कुणी सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं लिहिलेली असतात. विचारल्याशिवाय त्यातलं काहीच बाहेर येत नाही. विचारायला वेळ लागतो, आणि प्लेसमेंट सेलमध्ये कमी असतो तो वेळच.

इंटर्नशिपबद्दल नियम स्पष्ट आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. त्यात एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि अपिलातल्या वकिलांकडे काम केलेलं असलं पाहिजे. हे शेवटचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं, आणि नेमकं तेच कागदोपत्री उरकलं जातं. मुलांचा ओढा महानगरातल्या नावाजलेल्या फर्मकडे असतो. तिथे महिनाभर राहण्याखाण्याचा खर्च ज्याला झेपतो तो जातो, बाकीचे कुठून तरी प्रमाणपत्र मिळवतात. मी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जवळच्या कोर्टात पाठवते. पुकारा झाल्यावर उभं कसं राहायचं, वकीलपत्र कसं दाखल होतं, समन्स बजावलं गेलं नाही की दावा कसा रेंगाळतो, मुदतीचा अर्ज कधी मंजूर होतो आणि कधी खर्चासकट फेटाळला जातो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. परत आल्यावर प्रमाणपत्र मी नंतर बघते. आधी विचारते की तू स्वतः कुठला कागद लिहिलास. 'कुठलाच नाही' असं उत्तर आलं तर पुढच्या वर्षी त्या ऑफिसात मुलं पाठवायची का, याचा विचार करते.

आता पैशांचं. हा विषय निघाला की फोनवर शांतता पसरते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं. ज्युनियर वकिलाला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. ही शिफारस आहे, सक्ती नाही. मी सीनियर वकिलांना फोन करते तेव्हा हा आकडा आधी सांगते. काही जण लगेच हो म्हणतात. काही जण म्हणतात, "मॅडम, आमच्या वेळी आम्हाला बसभाडंही मिळत नव्हतं. शिकायला मिळतंय ना." त्यांनी सोसलं ते खरं आहे, आणि शिकायला मिळतं हेही खरं आहे. पण सकाळी दहा ते रात्री नऊ काम करणाऱ्या पोराने खोलीचं भाडं कशातून भरायचं? ज्याचं घर दोन-तीन वर्षं पोसू शकतं तोच कोर्टात टिकतो. बाकीचे सहा महिन्यांत मिळेल त्या नोकरीला लागतात. त्यांतले काही उत्तम वकील झाले असते. मी त्यांना ओळखते, त्यांचे मेसेज येतात.

हे नुकसान त्या मुलांपुरतं राहत नाही. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही अट पूर्वी होती, २००२ मध्ये काढली गेली होती. आता ही तीन वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं, आणि अनुभवाचं प्रमाणपत्र त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडून आणावं लागतं. कोर्ट न पाहिलेल्या माणसाने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, हे मला पटतं. पण ती तीन वर्षं काढायची कशावर? शेतमजुराची मुलगी जेएमएफसीची, म्हणजे याच कनिष्ठ न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायचं म्हणते तेव्हा तिला तीन वर्षं पोटापुरते पैसे देणारं ऑफिस शोधून देणं, हे न्यायव्यवस्थेच्या भरतीतलंच काम झालं. ज्युनियरचं विद्यावेतन हा उद्याच्या न्यायाधीशांचा प्रश्न आहे, असं मी त्या फोनवर सांगू लागले आहे.

याच्याच जोडीला बार कौन्सिलचा नियम ४९. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. काही कायदा अधिकाऱ्यांचा काय तो अपवाद. मुलांना वाटतं, कंपनीत तीन वर्षं काम करू, पैसे साठवू आणि मग न्यायाधीशाची परीक्षा देऊ. ती तीन वर्षं वकिलीत धरली जाणार नाहीत हे बऱ्याच जणांना माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळतं. कंपनीची नोकरी वाईट नाही. करार वाचायची, सूचना लिहायची, नियमांची पूर्तता बघायची अतिशय चांगली सवय तिथे लागते, आणि पगार एक तारखेला होतो. पण कुठलं दार उघडलं की कुठलं बंद होतं, हे सही करण्याआधी कळलं पाहिजे.

पालकांनाही हे समजावून सांगावं लागतं. वडिलांचा फोन येतो, "मॅडम, पाच वर्षं शिकवलं, आता महिन्याला हातात किती येणार?" मी आकडा फुगवत नाही. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची असतात हे सांगते. सनदेसाठी कुणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका, हेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात नोंदणी शुल्क अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आहे तेवढंच, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये घ्यायचं, असं बजावलं आहे. एवढं ऐकल्यावर फोनवरचा आवाज जरा मोकळा होतो.

नकार आला की माझं दुसरं काम सुरू होतं. मुलाला 'कळवतो' म्हणून परत पाठवतात आणि पुढे कळवत कुणी नाही. मी त्या ऑफिसला फोन करते आणि का नाही घेतलं ते विचारते. सांगायला लोक कचरतात, पण नीट विचारलं की सांगतात. एका मुलाबद्दल उत्तर आलं, "प्रत्येक प्रश्नाला 'हो, येतं' म्हणाला." फसवणुकीचं कलम विचारल्यावर त्याने ठोकून जुन्या दंड संहितेतलं ४२० सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक आता ३१८(४) मध्ये आहे. या मुलांच्या तुकड्या जुना कायदा शिकल्या आणि नव्या कायद्यात बाहेर पडल्या, गोंधळ होणारच. गुन्हा जुना असेल तर जुनंच कलम लागतं, म्हणजे दोन्ही माहीत हवीत. मी त्याला म्हटलं, "अरे, 'आधी ४२० होतं, आता ३१८ आहे, उपकलम बघून सांगतो' एवढं म्हणाला असतास तर त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं." बार कौन्सिलची पात्रता परीक्षासुद्धा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपणांशिवायचा मूळ कायदा, शेजारी ठेवून देता येते. कुठे बघायचं हे ज्याला कळतं त्याला वकील म्हणून पुढे जाता येतं, आणि 'बघून सांगतो' म्हणणाऱ्या ज्युनियरवर सीनियरचा विश्वास बसतो. पुढच्या मुलाखतीत तो तसं बोलला का, ते मला माहीत नाही. नोकरी मात्र लागली.

विद्यापीठाचा निकाल लांबतो तेव्हाची पत्रं हा आणखी एक प्रकार. जुलैत रुजू व्हायचं असतं, निकाल आलेला नसतो, निकालाशिवाय सनद नाही. मग 'विद्यार्थी अंतिम परीक्षेस बसला असून निकाल प्रतीक्षेत आहे' अशी पत्रं मी कित्येक लिहिते.

आकड्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. '९५ टक्के प्लेसमेंट' अशी जाहिरात दिसली की विचारावं, कशाच्या ९५ टक्के? वर्गातल्या सगळ्यांच्या, की सेलकडे नाव नोंदवलेल्यांच्या, की कंपनीच्या अटीत बसलेल्यांच्या? तीन उत्तरं तीन वेगळे आकडे देतात. अमेरिकेत लॉ स्कूलच्या प्लेसमेंट ऑफिसांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी मिळून १९७१ मध्ये नाल्प ही संघटना उभी केली. नवख्या वकिलांचे पगार त्यांनी वर्षानुवर्षं आलेखावर मांडले, तेव्हा त्यात दोन उंचवटे दिसले. एक कमी पगाराचा, एक मोठ्या फर्मच्या पगाराचा, आणि सरासरी त्या दोघांच्या मधल्या खळग्यात. म्हणजे जो सरासरी पगार जाहिरातीत छापायचा, तो फार थोड्यांना मिळायचा. २०११ च्या सुमारास तिथल्या पदवीधरांनी फसवे आकडे छापल्याबद्दल आपल्या कॉलेजांवर खटलेही भरले. आता तिथली अमेरिकन बार असोसिएशन पदवीनंतर दहा महिन्यांनी कोण कुठे आहे ते कॉलेजकडून मागते. नोकरी पूर्णवेळ आहे का, टिकाऊ आहे का, तिला वकिलीची परीक्षा लागते का, असे वेगवेगळे रकाने. आपल्याकडे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत २०१८ पासून विधी शाखा आली. तिथे सरासरीऐवजी मध्यक पगार, म्हणजे चढत्या यादीतला बरोबर मधला पगार, विचारतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या हातात पडते ती कॉलेजची रंगीत पुस्तिका, आणि तिच्या पहिल्या पानावर असतो सगळ्यांत मोठ्या पॅकेजचा फोटो.

तालुक्याच्या कोर्टात ज्युनियर म्हणून बसलेल्या मुलीकडे ऑफर लेटर नसतं, म्हणून कित्येक कॉलेजांच्या हिशेबात ती 'नोकरी न लागलेली' ठरते. रोज दहा वाजता ती कोर्टात असते, तिच्या नावावर वकीलपत्रं दाखल होतात, जामीन अर्ज ती स्वतः लिहिते. तिला वगळायचं आणि तीन महिन्यांत सोडलेल्या डेटा एंट्रीच्या नोकरीला धरायचं, हे मला मान्य नाही. माझ्या अहवालात कोर्टात काम करणाऱ्यांचा वेगळा रकाना आहे. कुणाकडे, विद्यावेतन किती, स्वतः उभं राहायला मिळतं का, हे तिथे लिहिलेलं असतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सेल, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या, व्यवस्थेत लागलेली मुलं त्यात आहेत, सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करणारी आहेत. दहाव्या महिन्यात आम्ही सगळ्यांना फोन करतो, आणि ज्यांचं काहीच झालेलं नसतं त्यांची नावं पुन्हा चालू यादीत घेतो. पदवी मिळाली म्हणून सेलचं काम संपलं, असं आम्ही धरत नाही. पहिल्या फोनला अशी मुलं उचलतच नाहीत, लाज वाटते त्यांना. तेव्हा वर्गमित्राकरवी निरोप धाडावा लागतो.

हे वाचणाऱ्यांत कुणी वकील असतील तर त्यांना एक विनंती आहे. ज्युनियर हवा असेल तेव्हा बार रूममध्ये सांगता तसंच जवळच्या कॉलेजच्या सेललाही एक ओळ लिहून कळवा. काम दिवाणी की फौजदारी, महिन्याला किती देणार, कोर्टात स्वतः कधीपासून उभं राहता येईल, मुलींसाठी उशिरा घरी जायची काय सोय, एवढं त्यात असलं की पुरे. नाव कुणाचं पाठवायचं ते आम्ही बघू. आमच्याकडे वर्षभर कुणी ना कुणी वाट पाहत असतं.